आकाशातल्या दिव्यांचा पंचनामा

२०१२ च्या ऑगस्टपासून लडाखमध्ये, पँगाँग सरोवराजवळच्या चौक्यांवर रात्री पहारा देणाऱ्या आपल्या जवानांना आकाशात पिवळसर प्रकाशाचे गोळे दिसू लागले. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून गोळा वर येई, तासन्‌तास हळूहळू सरकत राही आणि मग दिसेनासा होई. जवानांनी वेळ लिहिली, दिशा लिहिली, वर कळवले. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत अशा ३२९ नोंदी झाल्या आणि त्यांपैकी १५५ वेळा ही वस्तू आपल्या हद्दीत शिरली, असे कागदोपत्री लागले. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत, हा पहिला संशय. त्या जागी तो कुणालाही आला असता. डोंगरावर रडार नेले, त्याला काही सापडले नाही. रेडिओ लहरी तपासणारे यंत्र लावले, तेही गप्प राहिले. गोळ्याच्या दिशेने आपला ड्रोन उडवून पाहिला, त्यालाही तो गाठता आला नाही. संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ आणि तांत्रिक गुप्तवार्ता पाहणारी एनटीआरओ या दोन्ही सरकारी संस्थांना उलगडा झाला नाही, तेव्हा बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला बोलावणे गेले. लडाखमध्येच हानले इथे या संस्थेची वेधशाळा आहे.

शास्त्रज्ञांनी जवानांना सांगितले ते अगदी साधे होते. वस्तू दिसली की तिची दिशा अंशांत मोजा, क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजा आणि घड्याळ पाहून वेळ लिहा. नोंदी आल्या. एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास दिसू लागे आणि पहाटे पाचपर्यंत आकाशात असे. दुसरी पहाटे चारला येई आणि सकाळी अकरापर्यंत दिसत राही. हे आकडे ग्रहांच्या स्थानांशी ताडून पाहिले आणि प्रश्न मिटला. पहिली वस्तू गुरू होती, दुसरी शुक्र.

ही बातमी जुलै २०१३ मध्ये वर्तमानपत्रांत आली तेव्हा पुष्कळांना हसू आले. लष्कराने सहा महिने ग्रहांवर पहारा ठेवला, असाच एकूण सूर होता. मला ते हसणे तेव्हाही खटकले आणि आजही खटकते. पँगाँगची उंची सुमारे चौदा हजार फूट. तिथे धूळ नाही, धूर नाही, दिव्यांचा उजेड नाही. शहरात राहणाऱ्या माणसाने गुरू-शुक्र इतके तेजस्वी कधी पाहिलेलेच नसतात. शुक्र तर अशा हवेत सूर्य वर आल्यावरही डोळ्यांना दिसू शकतो. शिवाय त्या सीमेवर पूर्वेला चीन आणि पश्चिमेला आपण. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाशातली प्रत्येक ज्योती पूर्वेला उगवते आणि पश्चिमेकडे सरकते, म्हणजे तिथल्या चौकीवरून पाहणाऱ्याला ती चीनमधून निघून भारतात घुसतानाच दिसणार. पुढे २०१३ च्या एप्रिलमध्ये लडाखमधल्याच देपसांगमध्ये चिनी सैन्याने खरोखरच तंबू ठोकले होते, हे लक्षात घेतले तर पहाऱ्यावरच्या माणसाने कशाची काळजी करायची होती ते कळेल. त्याने पाहिले ते खरे होते. प्रकाश होता, पलीकडून येत होता, इकडे सरकत होता. चूक झाली ती तो किती लांब आहे हे ठरवताना, आणि ती चूक डोळ्यांची नव्हे. काळोखातल्या एकट्या ठिपक्यावरून त्याचे अंतर डोळ्यांना कळतच नाही. तो शंभर मीटरवरचा कंदील असू शकतो, नाहीतर कोट्यवधी किलोमीटरवरचा ग्रह.

ही गोष्ट मी पंचवटीत राहून लिहितो आहे, याला कारण आहे. नाशिकच्या आकाशात लष्कराची ये-जा रोजची. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना, तिथे आधी मिग तयार झाले, मग सुखोई. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची प्रशिक्षण शाळा. देवळालीला तोफखान्याची शाळा आणि तिच्यामागे गोळीबाराचे मोठे मैदान. मधूनच गडगडाटासारखा आवाज येतो, तावदाने हादरतात आणि अर्ध्या तासात फोनवर भूकंपापासून स्फोटापर्यंत सगळे तर्क फिरू लागतात. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या लढाऊ विमानाचा तो दणका असू शकतो, हे सांगायला अधिकृत माणूस पुढे आलाच तर पुष्कळ उशिरा येतो. अशा गावाने लडाखचा धडा कुणाहीपेक्षा आधी घ्यायला हवा.

आणि तो घेणे अवघड नाही. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पूर्वेच्या घाटावर उभे राहिले की पलीकडे पश्चिमेला जुन्या नाशिकची छपरे दिसतात. ज्या महिन्यांत शुक्र संध्याकाळी असतो तेव्हा तो या छपरांवर लखलखत असतो. त्याच्याकडे एकटक पाहत राहा, तो डुलतो, झटके देतो, जवळ येतो असे वाटू लागते. खाली उतरताना तो लाल-हिरवाही चमकतो, कारण त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरांतून वाकत येत असतो. आता एका जागी पाय रोवा, एखाद्या भिंतीच्या कडेला डोळा लावा आणि त्या कडेशी शुक्र जुळवा. डुलणे तत्काळ थांबते. मग हात ताठ करून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. छपरापासून शुक्र किती मुठी वर आहे ते पाहा, वीस मिनिटांनी पुन्हा पाहा. तो अर्धी मूठ, म्हणजे पाच अंश, खाली आलेला असेल. तासाला पंधरा अंश हा पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आहे आणि तो कुठल्याही ड्रोनच्या चालकाला रोज रात्री इतक्या नेमाने पाळता येणार नाही. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात. जी वस्तू आठवडाभर रोज थोडी थोडी आधी येते, ती ताऱ्यांच्या वेळापत्रकाने चाललेली आहे, एवढे तरी नक्की समजावे. हानलेच्या शास्त्रज्ञांनी जवानांना सांगितलेल्या मोजणीचे हे घरचे रूप, आणि त्याला काही खर्च नाही.

लष्करांनी असल्या नोंदींचा तपास का करावा, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर सरळ आहे. लष्कराला परग्रहावरचा पाहुणा शोधायचा नसतो, शत्रूचे विमान शोधायचे असते. अमेरिकेत १९४७ च्या उन्हाळ्यात उडत्या तबकड्यांची लाट आली, तेव्हा हवाई दलाच्या मनात रशिया होता. या हवाई दलाचे ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ नावाचे तपासकाम १९५२ ते १९६९ चालले आणि त्याच्या दप्तरात १९४७ पासूनच्या एकूण १२,६१८ तक्रारी जमा झाल्या. बहुतेकांची कारणे निघाली ती शुक्र, तेजस्वी तारे, उल्का, हवामानाचे फुगे, विमाने, ढगांवर पडलेला प्रकाश अशीच. ७०१ उरल्या. या ७०१ वर आजवर पुस्तके, चित्रपट आणि मालिका उभ्या राहिल्या आहेत. पण न उलगडलेली नोंद म्हणजे कशाचा तरी पुरावा, हे मला कधीच पटलेले नाही. चोरीच्या ज्या गुन्ह्यात चोर सापडला नाही, तो गुन्हा भुताने केला असे आपण म्हणत नाही. त्या ७०१ पैकी कित्येकांत वेळ नीट नाही, दिशा नाही, दुसरा साक्षीदार नाही. लडाखमध्ये अंश मोजले गेले नसते तर त्या ३२९ नोंदीही कायमच्या अज्ञातच राहिल्या असत्या, आणि कुणीतरी आज त्यांवर मालिका काढली असती.

इथवरचे बहुतेक विवेकी माणसांना मान्य होते. माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. साधे कारण शोधून काढणे हे अर्धेच काम. ते कारण, त्यामागची मोजणी आणि त्यातली शंका लोकांपुढे वेळेवर ठेवणे हे उरलेले अर्धे, आणि तिथे जगभरची लष्करे कमी पडली आहेत. गूढ वाढवण्यात तबकडीवेड्यांचा हात आहेच, पण त्याहून मोठा हात सरकारी मौनाचा आहे.

रॉसवेलचे उदाहरण घ्या. जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या या गावाजवळ काही तुकडे सापडले. तिथल्या लष्करी तळानेच उडती तबकडी हाती आल्याचे जाहीर केले आणि लगेचच तो हवामानाचा फुगा असल्याचे सांगितले. फुगा होता हे खरे, पण साधा नव्हता. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज वरच्या हवेत टिपण्यासाठी सोडलेल्या ‘मोगल’ नावाच्या गुप्त योजनेतला तो फुगा होता. अमेरिकी हवाई दलाने हे १९९४ मध्ये सांगितले. मधल्या ४७ वर्षांत त्या तुकड्यांभोवती यानही उभे राहिले आणि त्यातले मृत परग्रहवासीही. यू-२ विमानाचे असेच झाले. १९५५ पासून हे टेहळणी विमान साठ हजार फुटांवरून उडू लागले, तेव्हा प्रवासी विमाने त्याच्या कितीतरी खाली असत. खाली सूर्य मावळलेला असताना वर त्याच्या चंदेरी पंखांवर ऊन पडलेले असे, आणि खालच्या वैमानिकांना अशक्य उंचीवर पेटलेली वस्तू दिसे. ब्लू बुकचे तपासनीस सीआयएकडे विचारून खात्री करून घेत आणि बाहेर मात्र बर्फाचे स्फटिक, हवेचे उलटे थर अशी कारणे देत. सीआयएच्याच नियतकालिकात एका इतिहासकाराने १९९७ मध्ये हे लिहिले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आणि साठच्या दशकात आलेल्या निम्म्याहून अधिक तक्रारी अशा गुप्त उड्डाणांच्या होत्या, असे त्याचे म्हणणे आहे. साक्षीदार खरे बोलत होते. खोटे बोलत होते ते खुलासा देणारे. २०२४ मध्ये पेंटॅगॉनच्या नव्या तपास कार्यालयाने आजवरच्या कुठल्याही सरकारी तपासात परग्रही तंत्रज्ञानाचा पुरावा मिळालेला नाही, असा अहवाल दिला, तरी कोट्यवधी लोकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. एवढ्या इतिहासानंतर त्यांनी तो का ठेवावा?

घाईने दिलेले उत्तरही तेवढेच नुकसान करते. मार्च १९६६ मध्ये मिशिगनच्या दलदलीवर दिवे दिसले आणि ब्लू बुकचे खगोल सल्लागार ॲलन हायनेक यांनी पुरेसा तपास होण्याआधीच दलदलीतल्या वायूचा खुलासा पत्रकारांसमोर मांडला. ते कारण काही नोंदींना लागू असेलही. पण ज्यांनी दिवे पाहिले होते त्यांना तो आपला अपमान वाटला, देशभर त्या खुलाशाची थट्टा झाली आणि मिशिगनचे प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय चौकशी मागितली. खुलासा बरोबर असणे पुरेसे नसते. तो कसा निघाला हे पाहणाऱ्याला आपल्या डोळ्यांनी ताडून पाहता आले पाहिजे.

ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरावर १३ मार्च १९९७ च्या रात्री दिसलेल्या दिव्यांची रांग देवळालीच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना विशेष समजण्यासारखी आहे. रात्री दहाच्या सुमारास दिसलेले दिवे म्हणजे लष्करी सरावाच्या मैदानावर विमानांतून सोडलेल्या प्रकाशज्योती होत्या. छत्रीला लटकून त्या मिनिटन्‌मिनिटे हवेत तरंगतात आणि डोंगरामागे गेल्या की एकेक करून विझल्यासारख्या वाटतात. तोफखान्याकडेही असे प्रकाशगोळे असतात. तोफेतून सुटलेला गोळा वर फुटतो आणि छत्रीवरचा जळता दिवा सावकाश खाली येत रणभूमी उजळतो. ज्याला हे माहीत नाही त्याने ते दुरून पाहिले तर घाबरायला हवेच. आता आधार वाटावा अशी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे १९३८ पासून लष्करी कवायती, मैदानी गोळीबार आणि तोफखाना सराव यांचा कायदा आहे. गोळीबाराच्या मैदानाच्या हद्दीतल्या गावांना सरावाआधी सूचना द्यावी लागते, ती याच कायद्याने. गोळा जमिनीवर पडणार असेल तर लोकांना आधी सांगायचे, ही रीत ब्रिटिश काळापासून रुजलेली आहे आणि तिने देशाची कुठलीही गुपिते फुटलेली नाहीत. हीच रीत आकाशालाही लावा, एवढेच माझे मागणे आहे. अमुक तारखांना रात्री दक्षिणेला दिवे दिसतील, अमुक दिवशी मोठा आवाज येऊ शकेल, इतके दोन ओळींत सांगता येते. कुठली तोफ, कुठले विमान, हे सांगायची गरज नाही.

असे करणारी एक संस्था आपल्या शेजारीच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादेहून पॉलिथिनचे अवाढव्य फुगे सोडते. त्यांचा व्यास पन्नास ते पंच्याऐंशी मीटर असतो आणि ते तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात. संध्याकाळच्या उन्हात असा फुगा खालून पाहिला तर तो चकाकता, स्थिर, आवाज नसलेला गोल दिसतो, म्हणजे तबकडीच्या वर्णनात जे जे असते ते सगळे. उपकरणे छत्रीने खाली येतात, तीही कधी कधी मराठवाड्या-विदर्भाच्या शिवारात. म्हणून संस्था आधीच निवेदन काढते, जिल्ह्यांची नावे देते आणि काही सापडले तर हात न लावता कळवा असे सांगते. याच फुग्यांनी जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये चाळीस किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. पृथ्वीबाहेरून सूक्ष्म जीव इथे उतरतात का, हे तपासायचे होते. २००५ च्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, आणि ते बाहेरूनच आले असे यातून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी जाहीर केले गेले. परग्रहावरच्या जीवनाविषयीचे कुतूहल किती गंभीरपणे जपता येते, याचे याहून चांगले उदाहरण मराठी माणसाला शोधायला नको. साध्या कारणांचा आग्रह धरणारे लोक कल्पनाशून्य असतात, हा आरोप मला म्हणूनच मान्य नाही. ‘प्रेषित’ ही विज्ञान कादंबरी लिहिणारा हाच माणूस हवेचे नमुने मोजत होता.

खुलासा उघडपणे झाला की काय होते, ते आपण २ एप्रिल २०२२ ला पाहिले. गुढीपाडव्याची संध्याकाळ होती, आठच्या आत-बाहेर. खानदेशापासून चंद्रपूरपर्यंत लोकांना जळत्या गोळ्यांची समांतर रांग आकाश ओलांडताना दिसली. कुणी उल्का म्हणाले, कुणी क्षेपणास्त्र, कुणी विमान पडले म्हणाले. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, आसपासच्या गावांत गोल टाक्या सापडल्या. आपल्या खगोल अभ्यासकांचा पहिला अंदाज त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटचा होता. मग कक्षेचे गणित जुळवल्यावर ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे अवशेष असल्याचा निष्कर्ष पुढे आला. पहिला अंदाज बदलला तो सगळ्यांसमोर बदलला. उल्का दोन-चार सेकंदांत संपते, हे जळते गोळे मात्र आकाश ओलांडायला मिनिटभर घेत होते. कक्षेतून खाली येणारी वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटरने येते, उल्का तिच्याहून पुष्कळ वेगाने. हा फरक त्या रात्री शाळकरी मुलांनाही कळला. इस्रोचे शास्त्रज्ञ गावात येऊन पाहणी करून गेले. पुढे लाडबोरीच्या कड्याभोवती कसलीही भाकडकथा उभी राहिली नाही.

आता याच्या उलट चित्र. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अज्ञात वस्तू दिसली, उड्डाणे काही तास थांबली, हवाई दलाने राफेल पाठवले. ते काय होते, हे लोकांना आजवर नीट सांगितले गेलेले नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर घरे हेरून जातात, अशी भीती पसरली. गावोगाव लोक काठ्या घेऊन जागू लागले. प्रश्न विधिमंडळात गेला. दिसलेल्या दिव्यांत खरे ड्रोन किती, विमानांचे दिवे किती, याचा जिल्हावार हिशेब लोकांना कुणी दिला नाही.

मला भीती वाटते ती या जागत्या काठ्यांची. १ जुलै २०१८ ला, आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. आकाशातल्या दिव्याला कुणी काठी मारू शकत नाही. भीती मात्र काठी घेऊनच उभी असते आणि ती अनोळखी, फिरस्त्या, गरीब माणसावर उतरते. म्हणून अज्ञात दिव्याचा खुलासा हा हौशी लोकांच्या करमणुकीचा विषय नाही. तो कायदा-सुव्यवस्थेचा विषय आहे.

पंचवटीपुरते तर हे तातडीचे आहे. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थ कुंभमेळ्यात सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. त्या गल्ल्या आजही अरुंदच आहेत. २०२७ च्या सिंहस्थात तपोवनापासून रामकुंडापर्यंत माणसांचा पूर येईल आणि या वेळी डोक्यावर पोलिसांचे ड्रोन, वाहिन्यांचे ड्रोन, कदाचित परवानगी नसलेलेही ड्रोन, स्टारलिंकच्या उपग्रहांच्या रांगा आणि पावसाळी ढगांच्या फटीतून दिसणारे ग्रह असतील. प्रत्येकाच्या हातात फोन असेल. ‘वर काहीतरी आहे’ एवढे तीन शब्द त्या उतारावर पुरे आहेत.

तेव्हा नियंत्रण कक्षात एक साधी नोंदवही हवी. काय दिसले यापेक्षा आधी केव्हा, कुठून, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती मुठी वर, किती वेळ, हलले तर कोणत्या कडेच्या मानाने हलले, हे तिच्यात लिहून घ्यावे. महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण तारांगणातल्या किंवा शहरातल्या आकाशनिरीक्षकांपैकी दोघांना रात्री त्या वहीपाशी बसवावे, शेजारी त्या दिवशीच्या ग्रहस्थितीचा आणि उपग्रहांच्या वेळांचा कागद असावा. ओझर, गांधीनगर आणि देवळाली यांनी त्या रात्रीच्या उड्डाणांची आणि सरावाची फक्त वेळ त्या कक्षाला कळवावी. उलगडा झाला की मराठीत आणि हिंदीत ध्वनिक्षेपकावरून सांगावा, आकड्यांसकट. झाला नसेल तर तेही सांगावे, आणि नोंद मिटवू नये.